फोनवरच्या ‘बँकवाल्या’पासून कार्ड वाचवणाऱ्या सोयी: कोणती कामाची, कोणती नावापुरती

क्रेडिट कार्डाच्या नावाने येणाऱ्या खोट्या फोनपासून ग्राहकाचा बचाव करण्यासाठी आज ज्या सोयी उपलब्ध आहेत, त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच विकत घेतलेल्या वस्तूची जशी पारख होते तशी त्यांची कोणी करत नाही. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत करसल्ल्याचे काम करताना व्यापारी अशिलांची कार्डे, त्यांची बिले आणि त्यांना येणारे फोन असे सगळेच टेबलावर येत असल्यामुळे या सोयी मी स्वतःच्या आणि त्यांच्या कार्डांवर वापरून पाहिल्या आहेत. बँकेच्या अ‍ॅपमधील कार्ड-नियंत्रण, बँकांसाठी राखलेली 1600 ही क्रमांकांची मालिका, दूरसंचार विभागाचे ‘संचार साथी’, 1930 ही हेल्पलाइन आणि नुकसानीची जबाबदारी ठरवणारा रिझर्व्ह बँकेचा नियम या पाच गोष्टींचे हे परीक्षण आहे. मात्र पाचही गोष्टी सारख्या योग्यतेच्या नसल्यामुळे त्यांना सारखी जागा दिलेली नाही.

कोल्हापुरात अशा फोनवर विश्वास बसण्याचे एक खास कारण मला दिसते. इथला जुना व्यापारी सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या ओळखीत वाढलेला आहे. तिथे शाखाधिकारी त्याला नावाने ओळखतो आणि खात्यात पैसे कमी पडून चेक परत जाणार असेल तर कारकून आधी दुकानात निरोप धाडतो. त्याच व्यापाऱ्याकडे अलीकडे खासगी बँकांची क्रेडिट कार्डे आली, परंतु त्या बँकेत त्याला ओळखणारे कोणीही नसते. अर्ज एजंटाने भरून घेतला, कार्ड कुरिअरने आले आणि त्यानंतर ती बँक म्हणजे केवळ फोनवरचा एक आवाज उरला. बँकेकडून निरोप येण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या माणसाला ‘बँकेतून बोलतोय’ हे वाक्य खरे वाटले तर त्यात नवल नाही. माणसे लोभापायी फसतात, हे जे सरसकट बोलले जाते ते मला म्हणूनच पटत नाही. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक फोनांत लोभाचा भाग थोडा होता. कार्ड बंद पडेल, वार्षिक शुल्क कापले जाईल, थकबाकी पोलिसांकडे जाईल, अशी भीतीच त्यांत जास्त होती.

असा एक फोन गांधीनगरच्या एका कापड व्यापाऱ्याला आमच्या कार्यालयात बसलेला असतानाच आला आणि मी त्यांना तो स्पीकरवर घ्यायला सांगितले. पलीकडच्या तरुणाने आधी हिंदीत आणि ‘मराठीत बोला’ म्हटल्यावर अगदी सफाईदार मराठीत सांगितले की, कार्डावर विमा चालू झाला आहे, त्याचे दरमहा 2,499 रुपये आज रात्रीपासून कापले जातील आणि नको असेल तर तो आत्ता रद्द करून देईल. त्याने व्यापाऱ्याचे पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता सांगितला, वर कार्डाचे पहिले सहा अंकही म्हणून दाखवले. हे सहा अंक ऐकून समोरचा माणूस हमखास नरमतो; वास्तविक ते अंक कार्ड देणाऱ्या बँकेची आणि त्या प्रकारच्या कार्डाची खूण असतात, त्यामुळे तेच कार्ड घेतलेल्या हजारो लोकांच्या कार्डांवर ते सारखेच असतात. उरलेले अंक आणि कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन अंक त्याने ‘पडताळणीसाठी’ मागितले. माझ्या खुणेवरून व्यापाऱ्याने बंद केलेल्या एका जुन्या कार्डाचे अंक सांगितले, तेव्हा तो थोडा घुटमळला आणि ‘हे कार्ड सिस्टीममध्ये दिसत नाही, दुसरे बघा’ असे म्हणाला.

त्याच फोनच्या ओघात त्याने एक वाक्य टाकले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो म्हणाला, ‘रद्द करण्याचा ओटीपी येईल, त्यात रक्कम दिसेल, पण तो आकडा सिस्टीमचा असतो, तिकडे लक्ष देऊ नका.’ ओटीपीच्या संदेशात किती रुपयांचा व्यवहार आहे आणि तो कोणत्या दुकानाच्या किंवा वॉलेटच्या नावावर होतो आहे हे लिहिलेले असते, आणि नेमकी तीच ओळ ग्राहकाने वाचू नये म्हणून भामट्याला एवढी तयारी करावी लागते. व्यवहार रद्द करायला, परतावा मिळवायला किंवा रिवॉर्ड पॉइंट जमा करून घ्यायला कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही. व्यापाऱ्याने फोन ठेवला आणि एवढेच म्हटले, ‘बंद करायला पैसे कशाला दिसायला पाहिजेत हो मॅडम?’ संपूर्ण प्रकाराचे इतके नेमके परीक्षण मला जमलेले नाही.

या फोनांची गंमत अशी की त्यांतील प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर हास्यास्पद असते, परंतु फोन चालू असताना स्वतंत्रपणे पाहायला सवडच दिली जात नाही. ‘लाइन कट करू नका’, ‘दोन मिनिटांत ओटीपी संपेल’, ‘माझे वरिष्ठ ऐकत आहेत’ अशी घाई सतत केली जाते. त्यामुळे या सोयींना मी एकच कसोटी लावली आहे: ग्राहक घाबरलेला असताना, त्याने त्या क्षणी काहीही शहाणपण दाखवले नाही तरी, ती सोय त्याचे नुकसान कमी करते का? या कसोटीला पूर्णपणे उतरणारी सोय एकच निघाली, आणि ती म्हणजे सर्वांत कमी वापरली जाणारी.

ती सोय म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमधील कार्ड-नियंत्रण. रिझर्व्ह बँकेने 15 जानेवारी 2020 च्या परिपत्रकाने बँकांना बजावले आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून ते अमलात आले की, नवीन किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील स्वाइप मशीन यांवरच चालावे. ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि पिन न टाकता नुसते टेकवून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू केल्यावरच सुरू व्हावेत. तसेच हे सगळे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येक प्रकाराची मर्यादा ठरवण्याची सोय चोवीस तास उपलब्ध असावी. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या चित्राखाली ‘नियंत्रण’, ‘वापर’ किंवा तशाच काही नावाच्या पानावर ही बटणे असतात. एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणे बहुधा एकाखाली एक दिसतात, आणि परदेशी व्यवहारांसाठी हीच मालिका वेगळ्या टॅबमध्ये असते. प्रत्येक बटणाशेजारी रक्कम ठरवण्याची जागा असते.

फोनवरची कार्ड-फसवणूक ऑनलाइन व्यवहाराच्या वाटेने होते, कारण फोनवर बोलणाऱ्याच्या हाती आपले प्लास्टिकचे कार्ड नसते. ऑनलाइनचे बटण बंद असेल तर कार्डाचे सगळे अंक, मागचे तीन अंक आणि मुदतीची तारीख भामट्याला मिळाली तरी व्यवहार नाकारला जातो. ज्यांना ऑनलाइन खरेदी करावी लागते त्यांनी ते चालू ठेवून मर्यादा खाली आणली तरी पुरते: कार्डाचे लिमिट तीन लाख रुपये असले तरी ऑनलाइनची दिवसाची मर्यादा पाच हजारांवर ठेवली तर एका फोनमध्ये होणारे नुकसान पाच हजारांच्या आसपासच थांबते. परदेशी व्यवहारांचे बटण तर बंदच असले पाहिजे, कारण देशातील ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो तसा तो परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा मागितलाच जात नाही. तिथे नुसते अंक पुरतात. गुजरीतील ज्या सराफांची कार्डे मी पाहिली त्यांच्यापैकी कोणाचा परदेशी व्यवहाराशी वर्षभरात संबंध आला नव्हता, तरी जुन्या कार्डांवर ते बटण चालूच होते आणि ते कोणी चालू केले हे त्यांनाही सांगता आले नाही.

या सोयीतले दोष सांगितले पाहिजेत. पहिला दोष मांडणीचा आहे. मी ज्या एका बँकेचे कार्ड वापरते तिच्या अ‍ॅपमध्ये ‘तुम्हाला मंजूर झालेले कर्ज’ हे पान उघडताक्षणी समोर येते आणि कार्डाची नियंत्रणे शोधायला तीन पाने ओलांडावी लागतात. ग्राहकाचे हित कुठे आणि बँकेचे हित कुठे हे त्या अंतरावरून मोजता येते. दुसरा दोष व्यवहारातला आहे: ऑनलाइन बटण बंद केले की मोबाइलचे बिल किंवा एखादी वर्गणी कार्डावरून आपोआप जात असेल तर ती अडकू शकते, त्यामुळे अशी देणी आधी दुसरीकडे वळवावी लागतात. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. ही नियंत्रणे त्याच मोबाइलमध्ये असतात, आणि भामट्याने ‘केवायसी’च्या किंवा ‘आरटीओ चलना’च्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, कोणी उघडून बसवली, किंवा त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घेतले, तर आलेले एसएमएस आणि पडद्यावरचे सगळे त्याला दिसू लागते. अशा वेळी बटणांचा भरवसा उरत नाही. मोबाइलचे इंटरनेट तत्काळ तोडून घरातल्या दुसऱ्या फोनवरून कार्ड बंद करून घेणे हाच मार्ग राहतो. एवढे असूनही या सोयीला मी पहिला क्रमांक देते, कारण ती निवांत वेळी एकदा लावून ठेवता येते आणि फोनवरच्या घाईचा तिच्यावर परिणाम होत नाही.

1600 या मालिकेची कल्पना चांगली आहे. बँका आणि वित्तसंस्था यांनी ग्राहकाला सेवेसंबंधी किंवा व्यवहारासंबंधी फोन करायचा असेल तर तो 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावा आणि जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करावा, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना कळवले. याचा सरळ अर्थ असा की साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून ‘क्रेडिट कार्ड विभागातून’ फोन आला तर पुढचे ऐकण्याचे कारण नाही. वयस्कर माणसांना ही खूण पटकन समजते. राजारामपुरीतील एका अशिलाच्या आईंनी फोनशेजारच्या दिनदर्शिकेवर ती मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. परंतु खूण तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा ती बँकाही पाळतात. मला माझ्या बँकेकडून खराखुरा फोन साध्या मोबाइल क्रमांकावरून आला, बोलणाऱ्याने सुरुवातीलाच जन्मतारीख विचारली, आणि ‘तुम्ही खरे बँकेचे कशावरून’ असे विचारल्यावर तो दुखावला. नंतर कार्डामागच्या क्रमांकावर चौकशी केली तेव्हा फोन त्यांचाच होता हे कळले. ग्राहकाला सावध राहण्याचे एसएमएस पाठवणारी बँकच भामट्यासारखे फोन करू लागली तर ग्राहकाने खूण कशी लक्षात ठेवायची? शिवाय फोनवर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो, त्यामुळे 1600 दिसले म्हणून ओटीपी सांगावा असे मुळीच नाही. या सोयीची मर्यादा तिथेच संपते: नको असलेला फोन टाळायला ती पुरते, आलेला फोन खरा मानायला पुरत नाही.

याच कारणाने, फोन करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या खासगी अ‍ॅपांवर विसंबणेही मला योग्य वाटत नाही. त्यांतील नावे मुख्यतः लोकांनी दिलेल्या माहितीवरून आलेली असतात आणि बँकेचे नाव व चिन्ह लावून क्रमांक नोंदवणे भामट्यांना अवघड जात नाही. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या क्रमांकांचीही तीच गत आहे, आणि तिथे तर फोन ग्राहकच लावतो, त्यामुळे संशय घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक तेवढा खरा धरावा. तो इतका बारीक छापलेला असतो की चष्मा शोधावा लागतो, म्हणून तो आजच मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवणे बरे.

‘संचार साथी’ हे दूरसंचार विभागाचे व्यासपीठ मे 2023 मध्ये संकेतस्थळ म्हणून सुरू झाले, मार्च 2024 मध्ये त्यात ‘चक्षू’ हा तक्रारीचा विभाग आला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे अ‍ॅप निघाले. चक्षूवर संशयास्पद फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेशाची माहिती देता येते. आलेला क्रमांक, तारीख, वेळ आणि प्रकार भरायचा, शक्य तर पडद्याचे छायाचित्र जोडायचे आणि आपला मोबाइल ओटीपीने पडताळायचा. काम सोपे आहे. परंतु पैसे गेले असतील तर चक्षू ही जागा नव्हे, तसे तिथेच सांगितलेले आहे, आणि ग्राहकाला स्वतःच्या कार्डासाठी तिचा थेट लाभ होत नाही. पुढच्या माणसाला तोच क्रमांक त्रास देऊ नये यासाठी करायचे ते काम आहे. माझ्या कसोटीवर ती त्यामुळे मागे पडते.

मात्र याच व्यासपीठावर आपल्या ओळखपत्रावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत हे दाखवणारी एक सोय आहे, तिची शिफारस मी आवर्जून करते. आपण न घेतलेले सिम आपल्या नावावर दिसले तर तिथल्या तिथे ‘हा माझा क्रमांक नाही’ असे कळवता येते. कार्डधारकाने ही यादी अधूनमधून पाहिलेली बरी. भामट्याला ओटीपी मिळवण्याचा एक मार्ग सिमच्या फेरफारातून, म्हणजे आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम काढून, जातो. दुसरा मार्ग फोन वळवण्याचा असतो: ‘कुरिअर अडकले आहे, हा क्रमांक डायल करा’ असे सांगून *401* पासून सुरू होणारा आकडा लावायला लावतात आणि मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्यांच्याकडे जातो. दूरसंचार विभागाने एप्रिल 2024 पासून या पद्धतीने फोन वळवणे थांबवायला कंपन्यांना सांगितले होते. तरी कोणाच्या सांगण्यावरून * किंवा # असलेला क्रमांक लावला गेलाच असेल, तर ##002# लावून वळवलेले फोन रद्द करून घ्यावेत.

आता 1930. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या व्यवस्थेतील ही हेल्पलाइन आधी 155260 या क्रमांकावर होती, आणि तिच्याजोडीचे संकेतस्थळ म्हणजे राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टल. पोलीस, बँका, वॉलेट कंपन्या आणि पैसे वळते करणाऱ्या इतर संस्था एकाच व्यवस्थेत जोडलेल्या आहेत, हे तिचे बळ आहे. तक्रार नोंदली की पैसा ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये पोहोचला असेल त्या संस्थेपर्यंत निरोप जातो आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. साहजिकच तिचा उपयोग तक्रार किती लवकर होते यावर ठरतो. बचत खात्यातून गेलेला पैसा खात्याखात्यांतून फिरतो, तर क्रेडिट कार्डावरचा पैसा बहुधा वॉलेट, गिफ्ट व्हाउचर, भाडे भरण्याची अ‍ॅप किंवा महागडा मोबाइल अशा वाटेने बाहेर पडतो. व्हाउचर वापरले जाण्याआधी किंवा मोबाइल पोहोचता होण्याआधी निरोप गेला तर व्यवहार अडवता येण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता तासागणिक घटत जाते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी कार्डामागच्या क्रमांकावर किंवा अ‍ॅपमधून कार्ड बंद करून त्याचा तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, आणि लगेच, किंबहुना घरात दुसरा फोन असेल तर त्याच वेळी, 1930 लावायचा. तिथे नाव, मोबाइल क्रमांक, बँकेचे नाव, कार्डाचा क्रमांक, व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ आणि एसएमएसमध्ये आलेला व्यवहार क्रमांक विचारतात. पिन किंवा ओटीपी तिथेही कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर आपण चुकीच्या ठिकाणी बोलत आहोत असे समजावे. नोंद झाल्यावर पोचक्रमांक मिळतो, तो घेऊन पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची आणि कागदपत्रे जोडायची असतात. हा दुसरा टप्पा पुष्कळ लोक सोडून देतात. फोन झाला म्हणजे काम झाले अशी त्यांची समजूत असते. बँकेचे एसएमएस पुसून टाकू नयेत, भामट्याचा क्रमांक ब्लॉक करण्याआधी त्याच्या नोंदीचे छायाचित्र घ्यावे. जिल्ह्याचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे, पण फोनवरची तक्रार आधी आणि ठाण्याची पायरी नंतर, असा क्रम ठेवणे हिताचे. ठाण्यापर्यंत जाण्यात गेलेला अर्धा तास भामट्याला पुरेसा असतो.

सोयीचा मोठा दोष तिच्याबद्दलच्या अपेक्षेत आहे. 1930 लावला म्हणजे पैसे परत, असा समज पसरलेला आहे आणि तो खरा नाही. रोखलेली रक्कम परत मिळायलाही प्रक्रिया पूर्ण करावी लागते, आणि पैसा आधीच पुढे गेला असेल तर रोखायला काही उरत नाही. तरीही नुकसान झाल्यानंतरच्या सोयींत हिच्या बरोबरीची दुसरी नाही.

शेवटची सोय खरे तर नियम आहे आणि तो वाचलेला कार्डधारक मला क्वचितच भेटला. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे आखून दिले; सहकारी बँकांसाठीही डिसेंबर 2017 मध्ये तसेच परिपत्रक निघाले, आणि सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यानुसार बँकेच्या हलगर्जीने नुकसान झाले तर ग्राहकावर काहीच येत नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र कुठे तरी आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही ग्राहकाची जबाबदारी शून्य राहते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डासाठी ती जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि त्याहून मोठ्या लिमिटसाठी 25,000 रुपये असते. त्यापुढे उशीर झाला तर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते.

फोनवरच्या फसवणुकीला मात्र यातला वेगळाच भाग लागू होतो, आणि तो कडक आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर ती त्याची हलगर्जी धरली जाते आणि बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याच्याच अंगावर येते. पण त्याच कलमाचा दुसरा भाग असा की, कळवल्यानंतर जे काही घडेल ते बँकेच्या अंगावर येते. ओटीपी सांगून बसलेल्या माणसाने लाजेने दिवसभर गप्प बसणे किती महागात पडते हे यावरून कळेल, कारण एकाच कार्डावर असे व्यवहार लागोपाठ होत असतात. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात लिहिलेले आहे. ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत तक्रार निकालात काढावी, असेही बँकेवर बंधन आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फायद्याची: फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणतेही शुल्क लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या कार्डविषयक निर्देशांत म्हटले आहे. तेव्हा हरकत लेखी घ्यावी, ईमेलने घ्यावी, आणि बिलातली उरलेली, वादात नसलेली रक्कम मुदतीत भरून टाकावी, म्हणजे विलंब शुल्काला निमित्त मिळत नाही.

नियम म्हणून हा मजकूर चांगला आहे, परंतु बँकेच्या फोनवर बसलेल्या प्रतिनिधीला तो माहीत असेलच असे नाही. एका अशिलाच्या हरकतीला ‘ओटीपी बरोबर टाकला गेला होता, त्यामुळे काही करता येणार नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. कळवण्याच्या आधीचे व्यवहार कोणते आणि नंतरचे कोणते, हा प्रश्न त्या उत्तरात कोणाला पडलाच नव्हता. आम्ही प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि कार्ड बंद केल्याच्या तक्रारीची वेळ शेजारी शेजारी मांडून पुन्हा पत्र दिले, तेव्हा नंतरचे दोन व्यवहार उलटवण्यात आले. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही, आणि 14448 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

राहिला प्रश्न ज्यांना कार्ड नकोच आहे त्यांचा. एखाद्या दुकानातल्या सवलतीसाठी घेतलेली, नंतर कपाटात पडून राहिलेली कार्डे मी अनेक घरांत पाहते. त्यांच्यावर ना कोणी नियंत्रणे लावलेली असतात, ना त्यांचे एसएमएस कोणी वाचते, आणि ‘वार्षिक शुल्क लागेल’ हा फोन नेमका त्यांच्याबद्दलच येतो. बाकी सगळी देणी चुकती केली असतील तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंती बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा ईमेलने स्वतः करावी. ‘कार्ड बंद करून देतो’ म्हणून आलेल्या फोनवर ती करू नये.